वायरमानची बायको

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखमध्ये नवा आलेला मराठी इंजिनिअर पहिल्या महिन्यात दोन माणसांना हमखास भेटतो. एक फ्लॅटचा मालक आणि दुसरे विलास सोमण. मालकाचं, आउसलेंडरबेहोर्डेचं म्हणजे व्हिसाच्या कचेरीचं, विमा कंपनीचं, कुणाचंही पत्र आलं की ते घेऊन सोमणकाकांकडे जायचं, हा इथला शिरस्ता. विलासराव चष्मा कपाळावर सरकवतात, कागद नाकाजवळ धरून दोनदा वाचतात आणि मग ओळीवर बोट ठेवून एकेक वाक्य मराठीत उतरवून देतात. कुणी घाईने म्हणालं, "काका, थोडक्यात सांगा ना, घर सोडायला सांगतोय का?" तर त्यांना राग येतो.

"थोडक्यात नाही. त्याने जेवढं लिहिलंय तेवढं. आपण मधले. मधल्याने पदरचं काही घालायचं नाही आणि गाळायचंही नाही."

हे वाक्य गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांनी शेकडो पोरांना ऐकवलं असेल. त्यांच्या पत्नी कुंदाताई त्या वेळी चहा घेऊन आलेल्या असतात. त्या कप ठेवतात, बिस्किटांचा डबा उघडून देतात आणि आत जातात. विलासरावांची नजर तेवढ्यापुरती कागदावरून हलते, हे त्या पोरांच्या लक्षात येण्याचं काही कारण नाही.

सत्तरी ओलांडलेला हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. बेअरिंगच्या कारखान्यात पस्तीस वर्षं चाचणी विभागात काढली, वेळेवर गेले, वेळेवर आले. मुलगा गौरांग म्युनिकला, गाड्यांच्या कंपनीत. तो मराठी सगळं समजतो आणि उत्तर जर्मनमध्ये देतो. घर नीट, बाग नीट, कागदपत्रं तर इतकी नीट की वर्षवार फाइली, फाइलींवर लेबलं, लेबलांवर प्लास्टिकची पट्टी. अशा माणसाच्या आयुष्यात लपवण्यासारखं काय असणार?

एक गोष्ट होती. एकच, पण सदतीस वर्षांची.

कुंदाताई सांगलीच्या. लग्नाआधी नाटकात कामं करायच्या, आणि हौस म्हणून नव्हे, चांगल्या करायच्या. राज्य नाट्य स्पर्धेत एकदा रौप्यपदक मिळालेलं. ते पदक घेऊन १९८५ साली त्या इथे आल्या आणि पहिली दोन वर्षं जवळजवळ मुक्या झाल्या. भाषा नाही, माणसं नाहीत. दुकानात बोट दाखवायचं, शेजारणीकडे पाहून हसायचं. सांगलीच्या रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणारी ही बाई बेकरीत "दोन पाव" म्हणताना विलासरावांच्या मागे उभी राहायची. बोलणं सगळं नवऱ्यामार्फत. तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे.

कारखान्यात तेव्हा एक फिल्म मंडळ होतं. इथे चार माणसं जमली की त्याचं फेराइन, म्हणजे रीतसर नोंदलेलं मंडळ, होतं. त्याला घटना असते, अध्यक्ष असतो आणि साध्यासुध्या गोष्टीवरही हात वर करून मतदान होतं. या फेराइनकडे एक जुना सोळा मिलिमीटरचा कॅमेरा होता. पोलादाच्या तुकड्यांचे फोटो धुवायची कारखान्याची जी अंधारखोली होती, तिथे कृष्णधवल फिल्म धुता येई, रंगीत नाही. म्हणून सिनेमे कृष्णधवल. विलासराव त्यात दिवे सांभाळायचे.

मंडळाने १९८६ साली एक राक्षसाचा सिनेमा काढला, 'वायरमान'. आपल्याकडे ऐकणाऱ्याला वाटावं की वीज दुरुस्त करायला कुणी आलाय, पण इकडे वायर म्हणजे तळं. या भागात कार्प माशांची तळी जागोजाग आहेत. ऑक्टोबरात ती रिकामी करतात आणि मासे गोळा करतात. तर अशा एका रिकाम्या तळ्याच्या गाळातून हा तळ्यातला माणूस उठतो आणि गावात हिंडतो. राक्षस झाला होता लोथार, भट्टीवरचा सहा फुटी कामगार. त्याची कातडी बनवली होती गेर्डाने. ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम करायची आणि मंडळाची रंगभूषा बघायची. टायरच्या ट्यूबवर तिने माशांचे वाळलेले खवले एकेक करून चिकटवले होते. पडद्यावर ते असे चमकले की पहिल्या खेळाला दोन पोरं रडत बाहेर गेली. गाव खूश. लगेच ठरलं, दुसरा भाग काढायचा, 'वायरमानची बायको'.

बायको कोण होणार, यावर बैठकीत खल चालला होता. विलासरावांनी सहज, कौतुकानेच, सांगितलं की माझी बायको नाटकात होती. गेर्डाने कुंदाताईंना बोलावलं, समोर बसवलं आणि खुणेने म्हटलं, तू तळ्यातून पहिल्यांदा बाहेर येतेस, करून दाखव. संवाद नव्हतेच. कुंदाताई कॅन्टीनच्या फरशीवर आडव्या झाल्या. मग उठल्या. त्या कशा उठल्या ते विलासरावांना आजही सांगता येत नाही, पण लोथार, जो स्वतः राक्षस होता, तो दोन पावलं मागे सरला.

त्यानंतरचे तीन आठवडे कुंदाताई वेगळीच बाई होत्या. सकाळी उठून आरशासमोर माना वेळावायच्या, स्वयंपाक करताना एक खांदा पाडून चालायच्या. गेर्डाला त्यांनी सांगलीची एक युक्ती दाखवली. नाटकाच्या कृष्णधवल फोटोंत कुंकू काळं दिसायचं. मग मानेवरचे कल्ले कुंकवाने का नाही काढायचे? दोघी तास तास त्या कुंकवाच्या डबीवर डोकी जोडून बसायच्या. भाषेवाचून काही अडलं नाही. ऑक्टोबरात रिकाम्या तळ्यात चार दिवस चित्रण झालं. गुडघाभर गाळ, हाडं गोठवणारी थंडी, आणि ही बाई रोज विचारायची, "उद्या किती वाजता?"

मग स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. लोथारने तिला दोन्ही हातांवर उचलून तळ्यातून बाहेर आणलंय, तिचे केस गाळाने माखलेत आणि डोळे असे की वाचणाऱ्याने पान उलटू नये. खाली नाव, फ्राउ कुंदा सोमण.

त्या रविवारी शेजारच्या एर्लांगेनला एका मराठी घरी जेवण होतं. कात्रण तिथे आधीच पोहोचलं होतं. "काय वहिनी, राक्षसीण झालात म्हणे!" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. कुंदाताई लाजल्या वगैरे नाहीत. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला ठेवलं आणि दिवाणखान्यातून चार पावलं चालून दाखवली. टाळ्या पडल्या. त्यानंतर तासभर सगळं बोलणं त्यांच्याभोवती. विलासरावांना एकाने एवढंच विचारलं, "आणि तुम्ही काय करता त्यात? दिवे?"

 घरी येताना गाडीत त्यांनी स्वतःला सांगितलं की आपल्याला लाज वाटली. परक्या पुरुषाने बायकोला उचललंय आणि गाव बघतंय, कुणालाही वाटेल. खरं सांगायचं तर लाज थोडी आणि जळफळाट जास्त होता. दोन वर्षं जी बाई आपल्या मागे उभी राहत होती ती आता पुढे उभी होती, आणि तिला पुढे यायला आपली गरज लागली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी मंडळाच्या बैठकीला ते एकटेच गेले. उभे राहून म्हणाले, घरगुती कारणामुळे माझ्या पत्नीला पुढे काम करायची इच्छा नाही.

आणि घरी येऊन कुंदाताईंना म्हणाले, "त्यांनी मतदान घेतलं. त्यांना दुसरी कुणी हवीय. म्हणाले, तुझं काम जरा नाटकी वाटतं."

कुंदाताई कणीक मळत होत्या. हात थांबले. "सगळ्यांचं असंच मत पडलं? गेर्डाचंही?"

"नऊ विरुद्ध शून्य."

"बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "सिनेमा वेगळा असतो. मी नाटकवालीच." आणि कणीक पुढे मळू लागल्या. विलासरावांना वाटलं होतं रडारड होईल, भांडण होईल, आपण समजूत काढू. तसलं काहीच झालं नाही. कुंकवाची डबी त्या दिवशी देवाजवळ परत गेली.

दुसरा भाग अर्धवटच राहिला. का राहिला ते कुंदाताईंनी कधी विचारलं नाही, आणि घरगुती कारण म्हटलं की पुढे विचारायचं नाही ही इथली रीत, म्हणून गेर्डानेही कधी विषय काढला नाही.

पुढे त्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या आणि अठ्ठावीस वर्षं राहिल्या. तिथल्या बायकांत राहून त्यांची जर्मन अशी काही झाली की विलासरावांनी कपाळावर हात मारावा. पुस्तकी नव्हे, अस्सल फ्रांकोनियन, या भागातली बोली, अर्धी अक्षरं गिळलेली, मऊ, भातासारखी कालवलेली. विलासरावांची जर्मन कचेरीची, इस्त्रीची. खाटकाच्या दुकानात कुंदाताई काउंटरवरच्या बाईशी खिदळायच्या आणि विलासरावांना एक अक्षर कळायचं नाही. "काय म्हणाली?" ते दर वेळी विचारायचे. आणि कुंदाताई दर वेळी शब्दन् शब्द सांगायच्या, अगदी विनोदसुद्धा, जो मराठीत आला की विनोद राहायचा नाही.

मराठी मंडळाची नाटकं होत. कुंदाताई पडदा ओढायच्या, नऊवारी नेसवायच्या, विंगेत पुस्तक घेऊन बसायच्या. काम करा म्हणून कुणी गळ घातली की हात जोडायच्या. "नको गं बाई. माझं नाटकी होतं."

हे वाक्य विलासरावांनी सदतीस वर्षं ऐकलं. गणपतीत, दिवाळीत, गौरांगच्या लग्नातसुद्धा. दर वेळी ते ताटलीतलं काहीतरी उचलून तोंडात टाकायचे. सांगणार तरी काय? पहिल्या वर्षी सांगता आलं असतं. पाचव्या वर्षी अवघड होतं. विसाव्या वर्षी, ते स्वतःला सांगत, आता त्याचं काय.

गेल्या सप्टेंबरात पत्र आलं. दोघांच्या नावे. फिल्म मंडळात आता सहाच सभासद उरले होते, म्हणून ते रीतसर विसर्जित करायचं होतं. अध्यक्ष गेर्डा होती. लोथार तर कधीच गेला. ऑक्टोबरातल्या रविवारी गास्टहाउसच्या, म्हणजे गावातल्या खाणावळीच्या, मागच्या दालनात शेवटची सभा होती, आणि सभेनंतर 'वायरमानची बायको'चं जेवढं चित्रण झालं होतं तेवढं प्रथमच दाखवणार होते. खाली हाताने लिहिलं होतं, 'फ्राउ सोमण यांनी जरूर यावं.'

विलासरावांनी पत्र दोनदा वाचलं. मग ते २०१६च्या टॅक्सच्या फाइलीत लावून टाकलं. भोकं पाडून, नीट.

आठवडाभराने कुंदाताई बाजारातून आल्या त्या पिशवी न ठेवताच बोलू लागल्या. "अहो, गेर्डा भेटली! म्हणाली, पत्र पाठवलंय, मिळालं नाही का? आपली ती फिल्म दाखवणारेत. मी म्हटलं, येऊ." मग जरा थांबून हसल्या. "बघू तरी, किती वाईट केलं होतं ते."

गेर्डा आणखी काही बोलली नव्हती, एवढं विलासरावांच्या ध्यानात आलं. बस गाठायच्या घाईत होती. पण रविवारी ती घाईत नसणार.

त्यांनी गौरांगला फोन केला. बापाने आयुष्यात पहिल्यांदा काही कबूल केलं होतं. मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पापा, झाग एस इअर आइनफाख." सरळ सांगून टाक तिला. आणि पुढे, गौरांगच्या तोंडून क्वचित येणाऱ्या मराठीत, "रविवारच्या आधी."

रविवारच्या आधी तीन दिवस होते. पहिल्या दिवशी ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. कुंदाताई म्हणाल्या, "काय हवंय?" ते म्हणाले, "पाणी." दुसऱ्या दिवशी बागेतली पानं गोळा करताना त्यांनी अख्खं वाक्य मनात जुळवलं, जर्मनमध्येसुद्धा जुळवलं, पण जीभ रेटेना. तिसऱ्या दिवशी कुंदाताईंनी विचारलं, "साडी नेसू का, की ड्रेस?" त्या वेळी सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "साडी छान दिसेल." आपण भित्रे आहोत हे त्यांना तेव्हा स्वच्छ दिसलं. दिसून काही उपयोग झाला नाही.

दालनात तळलेल्या कार्पचा वास होता. वीसेक खुर्च्या, समोर पांढरा पडदा. गेर्डा काठी टेकत पुढे आली. पण हे जर्मनी. आधी विषयपत्रिका, मग सिनेमा. मंडळ विसर्जित करायचं तर जाता जाता जुन्या इतिवृत्तांतले काही उतारे वाचायचे ठरले होते, आठवण म्हणून. गेर्डाने निळ्या पुठ्ठ्याची वही उघडली आणि सभेत वाचतात तशा शुद्ध, सावकाश जर्मनमध्ये वाचू लागली. कॅमेरा तळ्यात पडला तो किस्सा. लोथारला ट्यूबच्या कातडीत घेरी आली तो किस्सा. लोक हसत होते. कुंदाताईही हसत होत्या.

"एकवीस ऑक्टोबर १९८७," गेर्डा वाचू लागली. "हेर सोमण कळवतात की घरगुती कारणामुळे त्यांच्या पत्नीला पुढे काम करण्याची इच्छा नाही. मंडळाला अतिशय खेद वाटतो. ठराव: फ्राउ सोमण यांच्यासारखं काम दुसरं कुणी करू शकणार नाही, त्यामुळे भूमिका दुसऱ्या कुणाला देऊ नये. त्यांची वाट पाहावी. हेर सोमण यांनी हे पत्नीला कळवावं. ठरावाच्या बाजूने नऊ. विरोधात शून्य. तटस्थ एक, हेर सोमण."

गेर्डा कुंदाताईंकडे बघून हसली आणि पान उलटलं.

विलासरावांनी मान वळवली नाही. शेजारी साडीची सळसळसुद्धा झाली नाही. त्यांना वाटलं, आत्ता ही उठेल. आत्ता काहीतरी बोलेल. कुंदाताईंनी मांडीवरची पर्स उचलून खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवली, एवढंच. मग कुणीतरी दिवे घालवले.

चार मिनिटांची फिल्म. आवाज नाही. करडं तळं, करडं आभाळ. गाळाचा एक उंचवटा हलतो आणि त्यातून एकोणतीस वर्षांची कुंदा उठते. मानेवर काळे कल्ले. समोर लोथार उभा आहे, अवाढव्य, खवलेदार. ठरलं होतं की तिने त्याला पाहून किंचाळायचं. ती किंचाळत नाही. त्याच्याकडे बघते, खूप वेळ बघते, आणि मग कमरेशी हात नेते, जणू तिथे पदर आहे, आणि त्या नसलेल्या पदराने त्या राक्षसाच्या तोंडावरचा चिखल पुसते. लोथारचे डोळे त्या ट्यूबच्या भोकांतून भरून आलेले दिसतात. 

चित्रण तिथे संपायला हवं होतं, पण कॅमेरा चालूच राहिला होता. चौकटीतली कुंदा अंग सैल सोडते, केसांतला गाळ झटकते आणि कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला, जिथे दिवा होता तिथे, बघून हसते. ओठ हलतात. ती काय म्हणतेय ते त्या दालनात दोघांनाच वाचता येत होतं.

'बरं झालं का हो?'

आपण काय उत्तर दिलं होतं ते विलासरावांना आठवलं. 'ठीक,' असं म्हणून त्यांनी दिव्याची वायर गुंडाळायला घेतली होती. याहून चांगलं काम मी जन्मात पाहिलं नाही, हे त्यांना त्याच वेळी कळलं होतं. ते तोंडातून काढायला तेव्हा काय धाड भरली होती! पडदा पांढरा झाला आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने अंधारात पहिल्यांदा डोळे पुसले.

दिवे लागले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुंदाताई उठून पुढे गेल्या. गेर्डाने काठी टाकून त्यांना मिठी मारली, आणि मग दोघी बोलू लागल्या, त्यांच्या त्या मऊ, कालवलेल्या बोलीत, भराभर, एकमेकींचे हात धरून. गेर्डाने काहीतरी विचारलं. कुंदाताईंनी मान हलवली, बराच वेळ काही सांगितलं. गेर्डाने तोंडावर हात ठेवला. मग तिने विलासरावांच्या दिशेने एकदा पाहिलं, फक्त एकदाच, आणि पुन्हा कुंदाताईंकडे वळून त्यांच्या कानाशी हळूच काहीतरी म्हणाली. त्यावर कुंदाताई हसल्या. रडत होत्या आणि हसत होत्या.

विलासराव कुंदाताईंचा कोट हातावर घेऊन तीन पावलांवर उभे होते. सगळं ऐकू येत होतं आणि एक अक्षर कळत नव्हतं.

कुंदाताई आल्या. कोटासाठी हात पुढे केला.

"काय म्हणाली ती?" विलासरावांनी विचारलं. सवयीने विचारलं गेलं.

कुंदाताईंनी आधी एक बाही घातली, मग दुसरी. गळ्याशी बटण लावलं. मग चाळीस वर्षांच्या संसारात कधी बघितलं नव्हतं तसं त्यांच्याकडे सरळ बघितलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "म्हणाली, तुझं काम जरा नाटकी वाटतं."

आणि त्या गेर्डाला हात द्यायला परत फिरल्या.